वहीत न लिहिलेली ओळ

मंगळवारी सकाळी जळगाव जामोदला, आमच्या स्वयंपाकघरात बसल्या बसल्या, एक अख्खं अॅप बंद पडलं... खरंच सांगते.

माझी मुलगी रेणुका पुण्याच्या कंपनीत प्रॉडक्शन इंजिनिअर आहे. देशभरातले लोक ज्यावरून बसची तिकिटं काढतात ते अॅप चोवीस तास चालू ठेवणं, हे तिचं आणि तिच्या टीमचं काम. सध्या पंधरा दिवस घरून काम करतेय. नेट स्वयंपाकघरातच नीट येतं, म्हणून लॅपटॉप ज्वारीच्या पिंपावर.

मी सातवीपर्यंत शिकलेली. बाकीचं वाचनालयातून, नाहीतर किराणा बांधून आलेल्या कागदातून. तिच्या कामाचं मला भारी कुतूहल... हे अॅप राहतं कुठं? एक मशीन दमलं तर दुसऱ्याला कोण सांगतं? ती म्हणते, "आई, एवढे प्रश्न तर मले इंटरव्ह्यूतही नाही विचारले!"

तर पावणेअकराला तिच्या स्क्रीनवरची हिरवी रेघ एकदम खाली आली. तिकिटं निघेनात. त्यांच्याकडे अशा वेळी एक जण फक्त लिहितो... किती वाजता काय झालं, कोण काय म्हणालं. तो नेमका सुटीवर, आणि हिचे दोन्ही हात कीबोर्डवर.

"आई, वही घे. घड्याळ पाहत जा अन् मी बोलीन ते लिहीत जा. सोडू नको काही."

मी दुधाच्या हिशेबाची वही उलटी करून मागच्या पानावर लिहायला बसले. दहा छपन्न, एक मशीन बंद करून पाहिलं. अकरा, फरक नाही. अर्धं समजत नव्हतं, पण मजा वाटत होती. परीक्षेला बसल्यासारखं...

मग ती एकदम थांबली. हेडफोनचा माइक हाताने झाकून पुटपुटली, "अरे देवा... ही सेटिंग तर मीच बदलली सकाळी."

घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. मी पेन खाली ठेवलं. ती ओळ लिहिली नाही.

तिने सेटिंग परत जुनी केली, हिरवी रेघ हळूहळू वर आली. मी चहा टाकला. मनात एकच... नोकरी गेली पोरीची.

दुपारी तिला याच गोष्टीवर मीटिंग होती. त्याआधी तिने वही वाचली आणि अकरावर बोट ठेवून थांबली. "इथं मी काहीतरी बोलली होती. किती वाजले होते?"

"मले नाही आठवत."

"आई..."

"तुले काढून टाकतील म्हणून नाही लिहिलं! झालं?"

ती हसली नाही. म्हणाली, "अवं, तेच तर कामाचं वाक्य होतं. मी केलं हे टीमले मी तेव्हाच सांगितलं. तिथं नाव नाही विचारत. एका माणसाच्या हातून एवढं बंद पडलंच कसं, मधात अडवणारं काहीच काऊन नव्हतं, हे विचारतात. अन् तू तेच लपवलं तर उद्या दुसऱ्याच्या हातून हेच होईन."

मी अकरा-सात लिहिलं. पण डोळ्यांपुढे दुसरंच एक वर्ष होतं.

बोंडअळीच्या त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. बीटीवर अळी येत नाही म्हणून घेतलेलं बियाणं, आणि तरी बोंडं किडलेली. रेणुकाचे बाबा सकाळपासून फवारत होते, दोन औषधं एकत्र करून. दुपारी घरी आले ते डोळे चोळत, उलट्या करत. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ऊन लागलं...

आमच्याकडे त्या वर्षांत शेतकऱ्याबरोबर विष हा शब्द आला, की लोक एकच विचारायचे, घेतलं का? त्यांनी घेतलं नव्हतं. पण त्यांच्या नावाला ते चिकटू नये म्हणून मी फवारणीचं नावच काढलं नाही. खरं सांगितलं ते संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी ते गेले. लवकर सांगितलं असतं तर वाचले असते का, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही.

इतकी वर्षं कोणाला न सांगितलेलं ते त्या दिवशी रेणुकाला सांगितलं. वाटलं, रडेल, नाहीतर माझ्याशी बोलणं टाकेल. तिने वहीचं नवं पान काढलं, पेन स्वतःच्या हातात घेतलं आणि हळूच विचारलं, "बाबा घरी आले तेव्हा किती वाजले होते?"

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. लिहिताना ती रडत होती, पण तिने एकही वेळ सोडली नाही. शेवटी म्हणाली, "मधात अडवणारं काय पाहिजे होतं, आई?"

त्याचं उत्तर आम्ही दोघींनी मिळून काढलं. आमचं शेत आता बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, सलीमभाऊ करतात. त्यांना रेणुकाच्या मीटिंगची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, फवारायच्या आधी औषधाच्या बाटलीचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर टाकायचा, आणि घरी येऊन आंघोळ झाली की कळवायचं. कमीजास्त झालं तर डॉक्टरांपुढे मी तो फोटो धरीन. ते हसले, "भाभी, आता आमचीबी मीटिंग घेता का?"

शनिवारी सकाळी सव्वासातला फोटो आला. बाटली, आणि अर्ध्या लेबलवर त्यांचा अंगठा. मी परत पाठवला, अंगठा काढा. दुसरा फोटो बरोबर आला.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी मेसेज आला, "आंघोळ झाली भाभी. लावा हजेरी."

मी वहीत वेळ लिहिली... आणि मग स्वयंपाकाला लागले.