तांबडा रस्सा आणि चिमणीतला पारा

"तुमच्या रक्तात मर्क्युरी आहे, म्हणजे पारा. चांगलाच जास्त आहे," कोल्हापूरच्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या. मला हसूच आलं. बोटांना मुंग्या येतात, धरलेलं कळत नाही, शर्टाची बटणं लागत नाहीत म्हणून गेलो होतो. मानेची शीर दबली असेल असं वाटत होतं.

"मासे खाता का?" त्यांनी विचारलं.

खातो म्हणजे काय, लई खातो. मी विदर्भात कोळशाच्या एका वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. केंद्रामागच्या तलावातली मरळ रोज ताटात असायची. महिन्यातून एकदा मुरगूडला घरी येताना थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून मरळ आणायची आणि चुलीवर स्वतः तांबडा रस्सा करायचा, हा माझा शिरस्ता.

मॅडमनी समजावलं. कोळशात किंचित पारा असतो. कोळसा जळला की तो वाफेसारखा चिमणीतून जातो आणि तलावात उतरतो. तिथं त्याचा मिथाइलमर्क्युरी होतो, म्हणजे माशांच्या अंगात साठणारा पारा. लहान मासे खाऊन मरळ तो गोळा करत राहते.

"पण मॅडम, आमचा रस्सा असला तिखटजाळ, खळखळ उकळलेला असतो की त्यात काय टिकणार?"

"जंतू मरतात. पारा उकळून जात नाही. घरी आणखी कोण खातं?"

 माझी बायको सरिता तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. हा पारा पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा करतो, असं मॅडम म्हणाल्या. आणि तिला आग्रह करकरून रस्सा वाढणारा मीच.

दुसऱ्याच दिवशी तिचं रक्त तपासायला दिलं. माझी नर्व्ह कंडक्शन चाचणी झाली. बारीक झटके देऊन नसा निरोप किती लवकर पोचवतात ते बघतात. माझं लक्ष कुठं होतं त्यात. मला फक्त तिचा रिपोर्ट हवा होता.

दवाखान्याच्या बाकड्यावर बसवेना. चिमणीतून किती पारा सुटावा याला कायद्यानं मर्यादा आहे. तो मोजायचं यंत्र आमच्या चिमणीवर बसवलेलं, पण दुरुस्तीच्या नावाखाली बंद. मी तिथूनच साहेबांना फोन लावला. म्हटलं, "यंत्र सुरू करा. नाहीतर माझा रिपोर्ट घेऊन प्रदूषण मंडळाच्या दारात बसतो." साहेब म्हणाले, "आठवड्यात सुरू करतो."

सरिताचा रिपोर्ट आला. नॉर्मल. मॅडम म्हणाल्या, "या मासे खातच नसाव्यात."

मी सरिताकडं बघितलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "खरं सांगू? लगीन झाल्यापासनं मला त्या माशाचा वासच सोसत न्हाय. तुमची पाठ फिरली की मागल्या परड्यात वतायची. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून 'लई भारी झालाय' म्हणायची."

अख्ख्या गल्लीत मी त्या रश्शाच्या बढाया मारल्या होत्या. तिथंच रडलो आणि हसलोही. मॅडमसुद्धा हसल्या.

मासे बंद केल्यावर माझा पारा हळूहळू उतरतोय. यंत्र सुरू झालंय आणि आकडा गेटवरच्या फलकावर दिसतो. पहिल्याच आठवड्यात तो मर्यादेबाहेर गेला, तेव्हा कुठं चिमणीला पारा अडवणारी गाळणी बसवायचं काम हललं. तलावाकाठच्या मासेमारांच्या घरांतही रक्ततपासणी चाललीय. तुमच्या गावाजवळ अशी चिमणी असेल तर तिचा आकडा मागा. मासा कुठल्या पाण्यातला, तेही विचारा.

लेक झाली. तिनं बोट धरलं की आता मला ते कळतं.

परवा कोंबडीचा रस्सा केला. सरिता म्हणाली, "लई भारी झालाय." तिचं ताट रिकामं होईपर्यंत मी समोरून उठलो नाही.