खंडोजी मुतगेकरांचं कॅटालिना

१९५८ च्या जूनमध्ये मी साताऱ्याहून बंगळूरला आलो, विमानाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून. हलसूरला खंडोजी मुतगेकरांच्या घरातली पुढची खोली मला राहायला मिळाली. मराठी माणसाचं घर म्हणून मी खुशीत होतो. पण त्यांच्या मराठीत कानडी इतकं मिसळलेलं की पहिले काही दिवस मी नुसता मान डोलवायचो. त्यांच्या पत्नी चंद्राबाई न्हाणीच्या दारातून म्हणायच्या, "स्वल्प थांबा की, पाणी तापाय लागलंय," आणि मी टॉवेल घेऊन उभा. महिन्याभरात मी त्यांना अक्का आणि खंडोजींना अण्णा म्हणू लागलो.

अण्णा मूळचे बेळगावजवळच्या मुतग्याचे. लढाईच्या दिवसांत कारखान्याला पत्रेकाम करणारी माणसं हवी होती, तेव्हा बेचाळीस साली आले आणि इथलेच झाले. मी आलो तेव्हा ते चार्जहँड, म्हणजे कामगारांच्या टोळीचे मुकादम, होते. कमी बोलणारे, कामावर वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचणारे. बोटं जाडजूड, पण त्या बोटांनी मागच्या पडवीत ते जे घडवीत होते ते पाहून मी पहिल्याच आठवड्यात त्यांचा भक्त झालो.

पडवीतल्या बाकावर एक विमान होतं. कॅटालिना. खाली नावेसारखं पोट, त्यावर एक जाड खांब आणि खांबावर लांबच लांब पंख. लढाईत समुद्रात पडलेले वैमानिक, बुडालेल्या बोटींवरचे खलाशी यांना शोधून पाण्यातून उचलून आणायचं काम ही विमानं करीत. त्यांतली बरीच दुरुस्तीला बंगळूरला येत. इथं समुद्र नाही, म्हणून ती बेळ्ळंदूरच्या तळ्यात उतरत आणि तिथून ओढून आणली जात. अण्णांनी तरुणपणी त्यांच्यावर काम केलं होतं. लढाई संपली, विमानं गेली, आणि आता छप्पन सालापासून ते त्यांतल्या एकाचं नमुन्याचं विमान करत होते. फुटाला पाव इंच या मापानं. खऱ्या विमानाचे एकशेचार फुटांचे पंख बाकावर सव्वीस इंचांचे झाले होते.

आतला गाभा सिल्व्हर ओकच्या लाकडाचा. त्यावर कागदासारखा पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा, कारखान्याच्या भंगारातून रीतसर चिठ्ठी करून आणलेला. रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, ओळी उठवायला ते पत्रा उलटा ठेवून बोथट सुईनं एकेक ठिपका टोचत. विमानाच्या कुशीला दोन्हीकडे काचेचे फुगे असतात. वाचवलेल्या माणसाला तिथूनच आत ओढून घेतात. ते फुगे करायला अण्णांनी पर्स्पेक्सचे, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकचे, तुकडे स्वयंपाकघरात शेगडीवर धरले आणि अक्कांनी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. वास आमटीलासुद्धा लागला होता.

एकोणसाठच्या दिवाळीत विमान पुरं झालं. अक्कांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. अण्णा म्हणाले, "आता न्यायचं." कुठं, ते बोलले नाहीत.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि आपलं ज्ञान दाखवायची खुमखुमी होती. मी पट्टी आणली, मापं घेतली आणि म्हणालो, "अण्णा, शेपटीचा आडवा पंख एक अष्टमांश इंच वर बसलाय."

त्यांनी वाकून पाहिलं. रागावले नाहीत. "खरंच की," म्हणाले. "सरी. काढतो."

शेपटी काढली. ती पुन्हा बसेपर्यंत साठचा उन्हाळा आला. मग मला पंखांच्या टोकांच्या तरंग्यांत, म्हणजे पाण्यावर टेकायच्या छोट्या नावांत, चूक सापडली. उडताना ते बाहेर वळून पंखांचीच टोकं बनतात, आणि अण्णांच्या बिजागऱ्या जराशा पुढं होत्या. तेही मोडलं. एकसष्टच्या सुरुवातीला मी कारखान्याच्या रेकॉर्डमधून विमानाचा एक जुना नकाशा नकलून आणला आणि दाखवलं की पोटाखालच्या रिव्हेटच्या ओळींमधलं अंतर चुकलंय. म्हणजे सगळा पत्रा उतरवणं आलं. मला वाटलं, आता हा माणूस मला घराबाहेर काढणार. अण्णांनी नकाशा हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि "बरं झालं सांगितलं," म्हणाले. मी मनात म्हटलं, काय हा कारागीर, काय हा धीर! पत्रांतून साताऱ्याला आईलाही तसं लिहिलं.

बासष्टच्या फेब्रुवारीत पत्रा पुन्हा चढला. एका रविवारी सकाळी मी पट्टी घेऊन पडवीत निघालो तर अक्कांनी मला स्वयंपाकघराच्या दारातच थांबवलं.

"श्रीकांतअण्णा, आता चूक काढू नका हो."

"का? राहिली असेल तर…"

"राहू दे. त्यांना ते कुणाकडं तरी न्यायचंय आणि ते जाईनात. तुम्ही चूक काढली की त्यांना बरं वाटतं. मी बघते ना."

मी पट्टी खिशात घातली. अण्णांना म्हणालो, "यात आता काही चूक नाही."

त्यांचा चेहरा उतरला. बाकाच्या कडेला हात टेकून ते उभे राहिले. मग म्हणाले, "मग जायलाच पाहिजे. तुम्ही येता माझ्याबरोबर?"

निघायच्या आधी, तिथंच बाकाजवळ बसून, त्यांनी मला सांगितलं.

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून गन चालवतो, दुसरा आतून त्याच जागी लोखंडी ठोकळा दाबून धरतो. ठोकळा नसेल तर रिव्हेट बसतो पण आवळत नाही. अण्णा बाहेर असायचे आणि आत त्यांचा दोस्त पिराजी. निपाणीचा. दोघं एकाच गाडीनं बंगळूरला आले, एकाच खोलीत राहिले. पिराजी अंगानं बारका, म्हणून विमानाच्या पोटात तोच शिरायचा. ठोकळा लावला की तो आतून दोनदा टकटक करायचा. मग अण्णांनी गन दाबायची.

चव्वेचाळीसच्या एका संध्याकाळी अण्णांना घाई होती. दुसऱ्या दिवशी विमान तळ्यावर जायचं होतं, आणि चार्जहँडच्या जागेसाठी फोरमन नावं काढत होता. शेवटच्या ओळीला अण्णांनी टकटकीची वाट पाहिली नाही. गन चालवत गेले. पिराजी आतून ओरडला असेल; त्या आवाजात काय ऐकू येणार? बाहेर आल्यावर तो म्हणाला, "खंड्या, शेवटची ओळ परत बघाय पाहिजे." अण्णा म्हणाले, "सकाळी बघतो." सकाळी विमान त्यांच्या येण्याआधीच हललं होतं.

तळ्यात पाणी आत आलं. माणसांना काही झालं नाही, विमान ओढून काठावर घेतलं. पण इन्स्पेक्टर लालबुंद झाला होता. हे विमान भर समुद्रात बसून माणसं उचलणार, म्हणाला, आणि तुम्ही त्याला असं पाठवणार होता! रिव्हेट आतून आवळलेलेच नव्हते. आतला माणूस झोपला होता का, असं त्यानं अण्णांना विचारलं.

"मी काय म्हटलं माहीत आहे?" अण्णा मला म्हणाले. "म्हटलं, आत काय चाललं होतं ते मला बाहेरून दिसत नाही, साहेब."

तेवढ्यावर पिराजीला काढून टाकलं. झोपला म्हणून. पिराजीनं अण्णांकडे एकदा पाहिलं आणि तो खोलीवरून आपली पेटी घेऊन गेला. पुढच्या महिन्यात अण्णा चार्जहँड झाले.

छप्पन साली बंगळुरातल्याच कॉटनपेठेत त्यांना तो एका दुकानात दिसला. पत्र्याच्या बादल्या, नरसाळी करत बसलेला. अण्णा तिथूनच मागं फिरले. रिकाम्या हातानं कसं जायचं? एक कॅटालिना करून न्यावं, त्याच्यापुढं ठेवावं आणि मग सांगावं, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं.

मी ऐकत होतो आणि माझ्या खिशातली पट्टी मला टोचत होती.

आम्ही बसनं गेलो. विमान चादरीत गुंडाळून अण्णांच्या मांडीवर. कॉटनपेठेत दुकान उघडं होतं. दुकानामागंच घर. पिराजी बारका, पिकल्या केसांचा, हातात कातर. अण्णांना पाहून त्यानं कातर खाली ठेवली.

"बस," म्हणाला.

आतून त्याची बायको गंगव्वा आली. अण्णांनी चादर सोडली. पिराजी विमानाकडे पाहत राहिला. फुग्यांवरून त्यानं बोट फिरवलं, पोटाखाली वाकून रिव्हेटच्या ओळी पाहिल्या. "हात बसलाय तुझा," म्हणाला.

अण्णांनी तेव्हा सांगितलं. बसूनच, खाली मान घालून, एका दमात. तुझी चूक नव्हती, माझी होती. टकटक ऐकली नाही. साहेबानं विचारलं तेव्हा बोललो नाही.

"मला ठाऊक आहे की," पिराजी म्हणाला. "मी आत होतो."

गंगव्वाच पुढं झाली. तिचं मराठी कानडी वळणाचं, पण शब्द न् शब्द मला कळला.

"यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. अत्तीला नव्हतं." अत्ती म्हणजे सासू, भागुबाई. "ती म्हणायची, माझा पोरगा कामावर झोपला, म्हणून हाकलला. दर सणाला म्हणायची. जेवायला बसलं की म्हणायची. यांनी किती सांगितलं, तिला पटायचं नाही. सरकारी माणसं काय खोटं लिहितात, म्हणायची. शेवटच्या दुखण्यात यांचा हात धरून विचारलं, खरं सांग रे, झोपला होतास ना?"

"कधी वारल्या?" मी विचारलं.

"श्रावणात. सहा महिने झाले."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी मनात एकोणसाठच्या दिवाळीपासूनच्या दिवसांचा हिशोब करत होतो. अष्टमांश इंच, बिजागऱ्या, रिव्हेटमधलं अंतर.

पिराजी म्हणाला, "खंड्या, मला तुझं काही नको होतं. तू येऊन आईपुढं एवढं एक वाक्य बोलला असतास तर झालं असतं. विमान कशाला पाहिजे होतं?" आवाज चढला नव्हता. त्यानं स्वतःच चादर उचलून विमान गुंडाळलं, गाठ मारली आणि अण्णांच्या हातात दिलं. "इथं ठेवायला जागा नाही. पत्रे पडतात, मोडेल."

परतताना बसमध्ये अण्णा एकदाच बोलले. "तुमच्यावर नाही हं काही. तुम्ही सांगितलं नसतं तर मी दुसरं काही काढलं असतं."

त्यांनी ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, हे मला कळत होतं.

त्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून एक अर्ज इंग्रजीत लिहून घेतला. १९४४ सालच्या त्या कामातली चूक माझी, पिराजीची नाही. योग्य ती कारवाई व्हावी. ऑफिसातला अधिकारी आमच्यापेक्षा तरुण होता. त्यानं अर्ज दोनदा वाचला आणि अवघडून म्हणाला की त्या वेळचे साहेब विलायतेला गेले, कागद आहेत की नाहीत माहीत नाही, आता याचं करायचं काय? अण्णा म्हणाले, "पोच द्या. शिक्का मारून." त्यानं शिक्का मारला. अण्णांवर काही कारवाई झाली नाही, आणि त्याचंही त्यांना वाईटच वाटलं.

ती पोच घेऊन ते एकटेच कॉटनपेठेत गेले. पिराजीनं ती घेतली, असं अक्कांकडून कळलं. त्यानंतर महिन्यातून एखाद्या रविवारी अण्णा तिकडे जात, तासभर दुकानात बसत. विमान आमच्या पडवीतच राहिलं. अक्का त्यावरची धूळ झटकायच्या. अण्णांनी पुन्हा त्याला हात लावला नाही.

पासष्ट साली माझी नाशिकला बदली झाली. सामान बांधताना मी धीर करून त्यांना विचारलं, "अण्णा, पिराजी आता बोलतो ना तुमच्याशी?"

ते दोरीची गाठ आवळत होते.

"गेलो की बस म्हणतो," ते म्हणाले. "निघालो की ये म्हणत नाही."