ओढ्यापलीकडचं घर

माझी खुर्ची धुऊन अंगणात उन्हात ठेवली होती.

वेताची खुर्ची. तिच्या पायांवरून अजून पाणी निथळत होतं. फाटकातून आत येताना मला वाटलं, घरात काही कार्य असेल, साफसफाई चालली असेल. पण बाकीच्या तीन खुर्च्या दिवाणखान्यात जागच्या जागी होत्या. धुतली होती ती मी बसायची तेवढीच.

काकी दारात आल्या. काल याच बाईंनी मला हाताला धरून आत नेलं होतं.

"तू हिकडनं ये," त्या म्हणाल्या. "मागच्या अंगानं. पडवीत पोतं हातरलंय."

तू. काल संध्याकाळपर्यंत मी 'तुमी' होते.

मागच्या पडवीत एका बाजूला सरपण, दुसऱ्या बाजूला पेंडीची पोती. मध्ये माझं पोतं. त्याच्यापासून चांगलं दोन हात लांब निमाचं स्टूल. निमा म्हणजे माझी विद्यार्थिनी, काकींची मुलगी. नववीत होती. ती मान खाली घालून वही उघडून बसली होती.

मी पोत्यावर बसले. आणि शिकवायला लागले.

अपमान त्यांनी केला. पण लाज मला वाटते ती बसले याची. इतकी वर्षं झाली, अजून वाटते.

मी माण तालुक्यातली. मोठ्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडली आणि त्याच वर्षी मॅट्रिक झाले. गणितात पैकीच्या पैकी. गावचे मास्तर आईला म्हणाले, पोरीला सांगलीला धाडा. आईने धाडलं. शिष्यवृत्ती कधी येणार ते देवालाच ठाऊक होतं, आणि त्याला विचारायला आम्हाला देवळात कोण जाऊ देणार होतं? तोवर खानावळीपुरतं तरी मिळवायला हवं होतं. नाहीतर परत खडी.

वसतिगृहात माझ्या खोलीत आणखी तिघी होत्या. शनिवारी त्या गावी जायच्या, सोमवारी डबे भरून आणायच्या. शेंगदाण्याचे लाडू, धपाटी. डबे तिघींत फिरायचे. माझ्या खाटेपर्यंत यायचे नाहीत. भांडण नव्हतं, शिवी नव्हती. फक्त यायचे नाहीत. रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द बाहेर पडायचा नाही. कधी कधी मोठ्याने पाढे म्हणायची, आवाज राहिलाय का बघायला.

दिवाळीनंतर कॉलेजातले गणिताचे सर म्हणाले, "विश्रामबागेत एक बागायतदार आहेत. कडेगावकडचा ऊस, इथे बंगला. मुलगी गणितात नापास झालीय. शिकवशील?"

चालत गेले. साडी एकच बरी होती, ती नेसले. काकींनी मला निमासमोर बसवलं आणि सहामाहीचा पेपर पुढे टाकला. "ह्ये समजावून सांगा बघू हिला."

शंभरात अकरा. पहिलंच गणित हौदाचं. एक नळ भरतो, एक नळ रिकामा करतो, हौद किती वेळात भरेल? मला हसू आलं. आमच्या गावात भरलेला हौद मी कधी बघितलाच नव्हता. मी निमाला म्हटलं, "नळ सोड. तू घागरीनं पाणी आणतेस आणि तुझी म्हैस पितेय, असं समज." ती खुदकन हसली. अर्ध्या तासात तिने तीन गणितं सोडवली. काकी दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

"उद्यापास्नं या, मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. "आन् मला काकी म्हना."

नोकरी मिळाली. अठरा वर्षांच्या पोरीला कुणीतरी मास्तरीणबाई म्हटलं. परतताना सगळा रस्ता मी तो शब्द घोळवत आले.

त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. आमचं आडनाव बागायतदारांतही असतं, आमच्यातही असतं. मी त्यांच्यातलीच, असं ते समजले. मी समजू दिलं. पैशासाठी गप्प राहिले म्हणावं, तर तेवढंच खरं नाही. त्या घरात कुणीतरी मला रोज विचारायचं, "किती वाळलाय तुमी! जेवता का न्हाई?" दिवसभरात माझ्याशी बोललेलं ते एकच वाक्य असायचं. त्या एका वाक्यासाठी मी दोन महिने गप्प राहिले.

मग एका संध्याकाळी निमाचे आजोबा चहाला येऊन बसले. पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. मनाने मोकळे.

"गाव कंचं तुमचं?"

मी सांगितलं.

"आगं बाबौ! माझा सोबती तितलाच की. एका पलटणीत व्हतो आमी. सुट्टीला त्येच्या घरी ऱ्हायलोय. पारासमोरचं घर. तुमचं कंच्या अंगाला?"

गावात घर कुठल्या अंगाला ते विचारलं, की पुढचं काही विचारावं लागत नाही. आमच्या गावात पार, देऊळ, चावडी ओढ्याच्या अलीकडे. पलीकडे आम्ही. सुभेदारांनी ते गाव पायांनी बघितलेलं. त्यांनी सहज विचारलं होतं, कपट नव्हतं.

पारामागं, म्हणता आलं असतं. एवढा एक शब्द. पण मी गप्प राहिले होते, खोटं बोलले नव्हते. तेवढीच एक गोष्ट माझ्यापाशी शिल्लक होती.

"ओढ्यापलीकडं," मी म्हटलं.

सुभेदारांच्या हातातली बशी तोंडापर्यंत आलेली, तिथेच थांबली. काकी उठून आत गेल्या. कुणी वाईट बोललं नाही. निमाचं गणित बरोबर आलं होतं, तेही कुणाला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खुर्ची उन्हात.

काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं. पण परीक्षा तोंडावर आली होती. गरज सरो, वैद्य मरो, म्हणतात. इथे गरज सरली नव्हती, म्हणून वैद्याला पडवीत ठेवलं. चहा बंद झाला. एकदा चुकून तोंडून 'काकी' गेलं, तर उत्तर आलं, "काकी नगं म्हनूस. बाईसाहेब म्हन." वही तपासून झाली की मी ती खाली ठेवायची, मग निमाने उचलायची. निमाला हे कुणी शिकवलं माहीत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण वही ती उचलायची खालूनच.

आणि मी रोज जात राहिले. पोत्यावर बसून बीजगणित शिकवत राहिले.

निमा पास झाली. नुसती पास नाही, गणितात वर्गात तिसरी. जूनमध्ये दहावीचा वर्ग सुरू झाला. मी तिथेच, पडवीत.

गुरुपौर्णिमेला गेले, तर बंगल्यापुढे मोटार उभी होती. बाईसाहेब मला मागच्या दारातच आडव्या आल्या.

"शाळंचं सर आल्यात. निमा पूजा करतीया. तू हितनं हालू नगं. आन् तू शिकवतीस ते त्यास्नी कळू देऊ नगं, बरं दिसत न्हाई."

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. त्यातून पलीकडे दिवाणखाना दिसत होता. सर पाटावर बसले होते. परातीत त्यांचे पाय. निमा पाणी घालत होती. हेच ते सर, ज्यांच्या हाताखाली तिला शंभरात अकरा मिळाले होते.

"बुद्धी होतीच पोरीला," सर म्हणाले. "आम्ही फक्त वळण लावलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुभेदारांनीसुद्धा. निमाने एकदा वळून पडवीकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

थोड्या वेळाने बाईसाहेब आल्या. त्यांनी फोडलेल्या नारळाचं अर्धं भकल पायरीवर ठेवलं. हातात नाही, पायरीवर. आणि हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "घे. तूबी शिकवलंयस की."

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. सहा महिने मी स्वतःची समजूत घालत होते, की यांना कळत नाही. त्यांना कळत होतं. लपवायचं होतं, एवढंच.

मी नारळाला हात लावला नाही. चपला हातात घेतल्या. मागच्या दाराने आले होते, स्वयंपाकघरातून निघाले. "आगं, आगं!" बाईसाहेब मागे ओरडल्या, पण मला धरायचं तर शिवावं लागलं असतं. त्यांनी धरलं नाही.

दिवाणखान्यात उभी राहिले.

"निमाला गणित मी शिकवलं," मी म्हटलं. "मागं पडवीत, पोत्यावर बसून. माझं घर ओढ्यापलीकडं हाय."

सरांचे पाय परातीतच होते. सुभेदार जमिनीकडे बघत राहिले. वेताची खुर्ची दाराजवळ होती. मी तिच्यात बसले. चपला घातल्या, पट्टा नीट लावला. घाई केली नाही. खुर्ची पुन्हा धुवावी लागणार होती. धुवोत. पुढच्या दाराने बाहेर पडले.

रस्त्यावर आल्यावर मात्र खूप रडले. शूरवीर कुणी नव्हते मी. त्या रात्री खोलीत तिघी होत्या, आणि सांगायला एकही नव्हती. आईला पत्र लिहायला घेतलं, तर ते वाचून घ्यायला तिला मास्तरांकडे जावं लागलं असतं. फाडून टाकलं.

रविवारी पुन्हा विश्रामबागेत गेले. शिकवणी शोधायला. या वेळी ठरवून गेले, की त्यांनी विचारायच्या आधी आपणच सांगायचं. पहिल्या घरी म्हणाले, "बघतो, कळवतो." दुसऱ्या घरी माझ्यासाठी आणलेला पाण्याचा पेला अर्ध्या वाटेतून परत गेला. तिसऱ्या घरी दार लागलं.

चौथ्या दाराची कडी वाजवली.

"कोण हाय?" आतून बाईचा आवाज आला.

"शिकवणी घेते," मी म्हटलं. "गणिताची. घर ओढ्यापलीकडं. बसायला खुर्ची लागेल."