पुसलेली खुर्ची

नेतृत्वाची फेलोशिप करून वर्षभरानं परदेशातून परतले आणि आमच्या महिला समुपदेशन केंद्रात पाऊल टाकलं. टेबलावर, खिडकीत, पंख्याच्या पात्यांवर धूळ होती. माझी खुर्ची तेवढी लख्ख होती, पाठीवर धुतलेला टॉवेल.

"रोज पुसत होते, ताई. कुणाला बसू दिलं नाही," सुशीलाबाई म्हणाल्या. बारा वर्षं त्या माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून बायकांचं ऐकत आल्या आहेत.

मग त्यांनी कमलचं सांगितलं. नवऱ्याच्या माराला भिऊन ती तीनदा केंद्रात आली होती. तिन्ही वेळा सुशीलाबाईंनी तिला चहा दिला आणि म्हटलं, "ताई आल्या की बघू." चौथ्यांदा तिची आई आली, कमल गेल्याचं सांगायला.

"मला फोन का नाही केलात?"

"तुमचं शिक्षण मोडलं असतं ना."

तिकडे शेवटच्या दिवशी मी भाषण केलं होतं. ज्याच्यावाचून काम अडत नाही तोच खरा नेता, असं म्हणाले होते. देशोदेशीची माणसं उठून टाळ्या वाजवत होती. एवढं कळायला मला समुद्र ओलांडावा लागला. आणि जाताना, या खुर्चीत तुम्ही बसा, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं.

दारात एक बाई तोंडाला पदर लावून उभी होती. मी स्टूल ओढून त्यावर बसले. सुशीलाबाई घुटमळल्या. मग टॉवेल मांडीवर घेऊन खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या.

"बोल बाई," त्या म्हणाल्या. "आजच बघू."