हेमराज पटलेची एकेचाळीस नावं

दुपारचे बारा वाजले होते. ठिकाण, गोंदियातल्या जयस्तंभ चौकाजवळचा एक सायबर कॅफे. साल दोन हजार. हजर माणसं तीन: मी, कॅफेचा मालक रोशन मेश्राम आणि आमच्या पेपरच्या जिल्हा कार्यालयात कॉम्प्युटरवर पानं लावणारा हेमराज पटले.

बातमी अशीच सुरू करायची असते, हे मी तीस वर्षं पाळलं. पण बातमीत न मावणाऱ्या गोष्टीच वार्ताहराकडे जास्त साचतात. दर आठवड्याला एखादी संपादक परत पाठवतो, "यात बातमी कुठे आहे?" म्हणतो, आणि ती आपल्यापाशीच राहते. माझ्याकडच्या ढिगातल्या निम्म्या गोष्टी एकट्या हेमराजच्या आहेत. आताशा कॉलेजची पोरं मला विचारतात, "सर, चांगली चांगली डोमेन नेम स्वतः रजिस्टर करून ठेवली, तर गुंतवणूक म्हणून बरी का?" मी त्यांना हो-नाही काही सांगत नाही. हेमराजच्या गोष्टी सांगतो.

तर बारा वाजता हेमराज खुर्चीतून ताडकन उठला आणि ओरडला, "भाऊ, गोंदियाची रजिस्ट्री झाली! माह्या नावानं!"

डोमेन नेम म्हणजे वेबसाइटचं नाव, इंटरनेटवरचा पत्ता, हे मला तोवर रोशननेच समजावलं होतं. आमच्यापैकी कोणाकडे क्रेडिट कार्ड नव्हतं. हेमराजने बँकेतून डिमांड ड्राफ्ट काढला होता, मुंबईच्या एका कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवला होता, आणि रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन मेल उघडून पाहत होता. आज उत्तर आलं होतं. गोंदिया शहराचं नाव त्याला मिळालं होतं!

"म्हंजे आता नगरपरिषद तुले टॅक्स देईल का बे?" रोशन म्हणाला.

"देईल ना! कधीतरी वेबसाइट काढतीलच. तवा कोनापाशी येतील?"

त्याने त्या मेलची प्रिंट काढली आणि समोरच्या दुकानातून लॅमिनेट करून आणली.

हसण्यासारखं होतं, आम्ही हसलो. पण हेमराजचं घर आमगावला. दोघा मोठ्या भावांना धानाची शेती मिळाली, हेमराजला काही नाही. त्याच्या बी.कॉम.ला खर्च झाला, तोच त्याचा हिस्सा, असं बापाने ठरवलं होतं. भाऊ तोंडावर म्हणायचे, "तुह्यं वावर तू कॉलेजात खाल्लं." हेमराजसारख्या शेतकरी पोवारांच्या घरात वावर नसलेला माणूस पंगतीत कुठे बसतो, हे ज्याला माहीत आहे, त्याला ते लॅमिनेशन कळेल.

*

वर्षभराने हेमराज कॅफेत आला तेव्हा ते नाव गेलेलं होतं. दुसऱ्याच कोणीतरी घेतलं होतं.

कंपनीने नूतनीकरणाच्या चार मेल पाठवल्या होत्या. हेमराजने चारही वाचल्या होत्या आणि पुसल्या होत्या. "मले वाटलं फसवून राहिले! रजिस्ट्री एकदा झाली का झाली. दरवर्षी कोन करते?"

रोशनने त्याला शेजारी बसवलं. "हेमराज, हे वावर नोहे. नवेगावच्या तलावात मासोळीचा ठेका असते ना, तसं हाय. मुदत सरली का पानी दुसऱ्याचं."

हेमराज म्हणाला, "मंग त्यायनं रजिस्ट्रेशन हा शब्द काऊन वापरला?"

रोशनने चहा मागवला.

*

दुसरा माणूस इथेच थांबला असता. हेमराज पेटला. पाच-सहा वर्षांत त्याच्याकडे एकेचाळीस नावं झाली. तालुक्यांची घेतली, नागऱ्याच्या देवळाचं घेतलं, सारस पक्ष्याचं घेतलं. जे जे डोळ्यांसमोर दिसेल ते! माझंही घेतलं होतं. "भाऊ, तुम्ही मोठे झाले का देतो," म्हणाला. मी मोठा झालो नाही. दोन वर्षांनी त्याने ते गुपचूप सोडून दिलं.

एका निवडणुकीत त्याने एका उमेदवाराच्या नावाचं डोमेन घेऊन ठेवलं आणि प्रचार कार्यालयात चिठ्ठी पाठवली. साहेबांना हवं असल्यास विकत मिळेल.

संध्याकाळी चार जण आमच्या ऑफिसात. "कौन है पटले? साहब का नाम चुराता है?"

हेमराज उभा राहिला. "चोरलं नाई जी. घेऊन ठेवलं."

"तेरे बाप का नाम है क्या?"

मी मध्ये पडलो, आवाज चढवला, पेपरमध्ये छापीन म्हणालो. ते माझ्याकडे बघून हसले. हेमराजने नाव फुकट देऊन टाकलं, वर त्यांना चहा पाजला. मी बातमी लिहिली. संपादकांनी विचारलं, "यात बातमी कुठे आहे?" त्याच आठवड्यात त्या साहेबांची अर्ध्या पानाची जाहिरात आली. ते पान हेमराजनेच लावलं.

साहेब पडले. अनामत रक्कमही गेली. दुसऱ्या दिवशी हेमराज म्हणाला, "भाऊ, फुकट न नेता विकत घेतलं असतं, तर निदान नाव तरी राहिलं असतं!"

*

आमच्याकडे लग्नात आहेर लाउडस्पीकरवर पुकारतात. कोणी काय दिलं, ते मांडवातल्या शेवटच्या माणसाला कळलं पाहिजे. पुतणीच्या लग्नात हेमराजने भांडं दिलं नाही, साडी दिली नाही. वधूवरांच्या जोडनावाचं डोमेन दिलं. पुकारणारा कागद वाचता वाचता अडखळला, मग जोरात म्हणाला, "हेमराजभाऊ पटले, आमगाव, यांच्याकडून इंटरनेटवरचं एक नाव! मुदत एक वर्ष!"

मग मागून एक म्हातारा ओरडला, "आन् एका वर्सानं? लगीन मोडते का?"

सगळा मांडव हसला. हेमराजची बायको कुंदावहिनी पत्रावळीकडे बघत राहिली. घरी जाताना ती त्याला एवढंच म्हणाली, असं हेमराजनेच मला सांगितलं: "एक गंज द्यायचा होता जी, भात रांधायले. स्टीलचा. दिसला तरी असता."

*

आता खरी गोष्ट. चाळीस नावं कोणी विकत मागितली नाहीत, ती एकेक करून सुटली. पोरांनो, ज्या नावाची कोणाला गरज नाही, ते दरवर्षी भाडं भरून सांभाळलेलं रिकामं शेत आहे. पण एकेचाळिसावं नाव तसं नव्हतं. गोंदिया हे नाव आणि तांदळाचा इंग्रजी शब्द जोडून ते केलं होतं.

ते घेऊन हेमराज आधी एका राइस मिलवाल्या सेठकडे गेला. सेठ पोटभर हसला. "अरे पटले, नाम से चावल पकता है क्या?"

सात वर्षांनी तोच सेठ कॅफेची पायरी चढून वर आला. त्याच्या मुलाला परदेशात तांदूळ पाठवायचा होता आणि त्याला तेच नाव हवं होतं. त्याने आकडा सांगितला. हेमराजने माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नको. सेठ हसला होता तेव्हा मला राग आला होता, तो अजून उतरला नव्हता. "हा तुला लुटतोय," मी सेठसमोरच म्हणालो. "आज हा चढून आला, उद्या दुसरा येईल."

कुंदावहिनी म्हणत होती, देऊन टाका. रोशन म्हणत होता, देऊन टाक. हेमराजने माझं ऐकलं.

हे मी कुठे छापलेलं नाही.

*

दुसरा आला, पण चार वर्षांनी. मुंबईच्या एका कंपनीच्या माणसाची मेल आली. आकडा असा होता की आमगावच्या कौलारू घरावर स्लॅब पडला असता आणि पोरीचं नर्सिंगचं शिक्षण पुरं झालं असतं. हेमराजने ती मेल रोशनला वाचायला लावली, मग मला, मग पुन्हा रोशनला.

"हो म्हन ना आताच!" रोशन म्हणाला.

"सोमवारी म्हनतो. एकदम हो म्हटलं तर भाव पाडतील."

त्या शुक्रवारी त्याने पहिल्यांदा ऑफिसात सगळ्यांना समोसे दिले. जाताना मला म्हणाला, "भाऊ, बापाले सांगीन म्हणतो. माह्यं वावर विकून राहिलो."

रविवारी सकाळी आमगाव स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर त्याच्या छातीत कळ आली. गाडी यायच्या आत तो गेला. सेहेचाळीस वय.

*

पंधरा दिवसांनी कुंदावहिनी तलाठ्याकडे गेली. हातात हेमराजने लॅमिनेट केलेला तांदळाच्या नावाचा कागद. तिला वारस म्हणून फेरफार करून हवा होता. मी सोबत होतो, कारण एकटी जाऊ नको, मीच म्हणालो होतो.

तलाठ्याने कागद उलटासुलटा केला. "बाई, हे कोणत्या मौजाचं हाय?"

"ते मले का माहीत? यायचं होतं, पोरीच्या बापाचं. आता पोरीच्या नावानं करा."

बाहेर बसलेली दोन माणसं हसली. तलाठी हसला नाही. त्याने वहिनीला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाला, "माह्या दप्तरात येत असतं ना, तर आत्ता चढवलं असतं."

असा माणूस सरकारी कचेरीत मी तीस वर्षांत दोनदाच पाहिला.

*

मग मी आणि रोशनने नाव नोंदवणाऱ्या कंपनीला लिहिलं. हेमराज वारला, नाव त्याच्या पत्नीच्या नावावर करा. मृत्यूचा दाखला जोडला.

चार दिवसांनी उत्तर आलं. सदर नाव आता हेमराज पटले यांच्या मालकीचं नाही. ते दुसऱ्या पक्षाकडे हस्तांतरित झालं आहे. मूळ मालकाने स्वतःच्या ईमेलवरून संमती दिली आहे. संमतीची वेळ त्यांनी लिहिली होती: बुधवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

बुधवार! रविवारी तो गेला होता. सोमवारी आम्ही त्याला जाळला होता. बुधवारी सकाळी अकराला मी, रोशन, ऑफिसातले बरेचसे लोक आमगावला त्याच्या तिसऱ्या दिवसाला बसलो होतो.

मी पोलिसांत गेलो. ठाणेदार म्हणाला, "नक्की चोरीला काय गेलं, ते सांगा." मी सांगितलं. "वस्तू कुठे होती?" मी सांगितलं. "मग आमच्या हद्दीत नाही." मी टेबलावर हात आपटला. उपयोग झाला नाही. नवा मालक कोण, ते कंपनी सांगेना. मी बातमी लिहिली. संपादकांनी विचारलं, "पुरावा?"

तो महिनाभराने रोशनच घेऊन आला. पोलिसांच्या सक्तीमुळे प्रत्येक कॅफेत एक वही असते. आलेल्या माणसाने नाव लिहायचं, वेळ लिहायची, ओळखपत्राचा नंबर लिहायचा, सही करायची. त्या बुधवारी रोशनचा भाऊजी काउंटरला बसला होता. कोण आलं, कोण गेलं, त्याला काही आठवत नाही.

रोशनने वही माझ्यासमोर उघडली आणि बोट ठेवलं.

बुधवार. अकरा वाजून पाच मिनिटं. चार नंबरचं मशीन. नाव: हेमराज पटले, आमगाव. पुढे सही.

ओळखपत्राच्या रकान्यात मतदार कार्डाचा नंबर लिहिलेला आहे. मी आमगावला जाऊन कुंदावहिनीकडून ते कार्ड मागून घेतलं आणि आकडा न् आकडा जुळवून पाहिला.

नंबर बरोबर आहे.