नारळ ठेव, मग खांदा

ऐका हो, समस्त ग्रामस्थांनी कामधंदा बाजूला ठेवून ऐका. देवरूखकडच्या आमच्या वाडीत सत्तरी उलटलेली एक बाई सकाळी वारली, आणि त्यामुळे साक्षात गावचा देव संकटात सापडला.

ती बाई माझी आई. देव संकटात, कारण ती येशूला मानायची. मीही मानतो.

आई घरात झाकून ठेवलेली. मी देवळाच्या पायऱ्यांखाली उभा. वर गावकीची माणसं. वर ये, असं कोणी म्हणालं नाही. याच देवळासमोर मी वीस शिमगे नमनाच्या खेळात संकासुराचं सोंग घेऊन नाचलो. उंच टोपी, पांढरी दाढी. गावकीचे प्रमुख, आमचे गावकार, पोट धरून हसायचे.

तेच गावकार म्हणाले, "खांदा द्यायला बोलव की तुझ्या येशूला."

सगळे हसले. लाज वाटते सांगायला, मीही हसलो. या लोकांना हसवायची सवय ना. घरात आई गार पडलेली आणि मी दात काढले.

मग अट. देवापुढे नारळ ठेवायचा. आई चुकली, मी चुकलो, असं म्हणायचं. मग गाव खांदा देणार, स्मशानात जागा देणार. नाहीतर वाट बंद. नारळ माझ्या हातात दिलासुद्धा.

बायको मागे उभी होती. ती अजून गावदेवालाच हात जोडते. हळूच म्हणाली, ठेवा ना, बोलायला काय जातंय, आईंची माती होऊ दे. देवापुढे घालायचं गाऱ्हाणं मला तोंडपाठ. ओठ हललेसुद्धा. मी एक वाक्य बोलायचं, की सगळे "व्हय महाराजा" म्हणायला टपलेले.

पण आई चुकली कशात? गावाने दोन वर्षं वाळीत टाकलं, तरी ती रोज संध्याकाळी प्रार्थनेत गावकारांचं नाव घ्यायची. त्यांचे गुडघे बरे व्हावेत म्हणून. मला चीड यायची. म्हणायचो, निदान एकाच गुडघ्याचं माग. ती दोन्हींचं मागायची.

मी नारळ ठेवला. देवापुढे नाही. पायरीवर, गावकारांच्या चपलांशेजारी.

"आई चुकली नाही. हा नारळ तुमचा."

जन्म चिरेखाणीत गेला माझा. परसात आमचा स्वतःचा कातळ. दुपारभर खणला. वाडीतलं कोणी आलं नाही. देवरूखहून प्रार्थनेतले चौघे आले, त्यांच्या हातांना फोड आले. आईला उतरवलं. गावकारांसाठी प्रार्थना करायला गेलो. नाव घेतलं, पुढे दात आवळले. अजून तिथेच अडतो.

परसाच्या दगडी गडग्यापलीकडे बघे जमले होते. त्यातला एकजण म्हणाला, आता घर विका नि मुंबईला जा, सुखात राहाल.

बायको उठली. पदर खोचला. सकाळी नारळ ठेवा म्हणून विनवणारी हीच बाई, गडग्यापलीकडे ऐकू जाईल अशी बोलली, "अहो, पहार ठेवू नका. बाजूला आणखी दोन खणा. आम्ही कुठं जात नाय."