वरचा मजला

विलासनं मला फसवलं. वीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून ऑफिसांमध्ये नेटवर्कच्या वायरी ओढल्या. मशीन जोडायला मात्र दुसरंच कोणी यायचं आणि भाव खाऊन जायचं. म्हणून पन्नाशीत दोघांनी मशीन जोडायला शिकवणारा क्लास लावला. शेवटचा प्रोजेक्ट म्हणजे कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरच्या खोट्या, दोन मजली ऑफिसातली मशीनं जोडायची. खालचा मजला माझा, वरचा त्याचा, असं ठरलं होतं. तो न सांगता नाशिकला नोकरीवर निघून गेला.

आज क्लासात दोन्ही मजले मीच जोडले. सगळीकडे हिरवे दिवे लागले. तिथं ना खुर्ची, ना माणूस. खालून वर संदेश पाठवला; यंत्र तो आपणहून चार वेळा पाठवतं. पहिला हरवला. मी टेबलावर हात आपटला.

"काका, भांडू नका मशीनशी," सर हसले. "पहिली हाक बहुतेक वाया जाते. समोरचा कुठं आहे, ते आधी शोधावं लागतं. पुढच्या बघा."

पुढच्या तिन्ही हाका पोचल्या.

मी विलासला एकदाच फोन केला होता. त्यानं उचलला नाही, मग मीही रागानं पुन्हा केला नाही. यंत्राला जेवढा धीर आहे, तेवढा मला कधीच नव्हता, हे कबूल.

पण फोन त्याच्याकडेही आहे. तो शिडीवर चढायचा तेव्हा खाली शिडी मी धरायचो. त्या माणसाला 'जातो' एवढंही का सांगावंसं वाटलं नाही, हे विलासनं माझ्यासमोर उभं राहून सांगावं.